पिर्के ह्यांचे दोन शब्द आणि गोवराचे एक निरीक्षण

लहान मुलाच्या हातावर क्षयाची माँटू परीक्षा करावयाची असली म्हणजे जाणता डॉक्टर मुलाच्या आईला आधी एक प्रश्न विचारतो : ह्याला इतक्यात गोवर येऊन गेला होता का? उत्तर होकारार्थी आले तर तो परीक्षा काही आठवडे पुढे ढकलतो. कारण गोवरानंतर काही काळ ही परीक्षा फसते. शरीरात क्षयाचे जंतू असूनही हातावर गाठ उठत नाही. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट एका ओळीत सांगितलेली असते, आणि तीही परीक्षेच्या दोषांच्या यादीत. प्रस्तुत लेखाचा विषय ही एक ओळ होय. ती प्रथम कोणी लिहिली, त्याला ती कशी दिसली, आणि पुढे शंभर वर्षे ती दोषांच्या यादीतच का पडून राहिली, ह्याचा शोध येथे घ्यावयाचा आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या इतिहासात शिरावे हा काहीसा अगोचरपणा वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या वैद्याने ही ओळ लिहिली त्याने ती लिहिण्यापूर्वी दोन वर्षे एक नवा शब्द घडविला होता, आणि ती लिहिताना दुसरा घडविला. पहिला शब्द आज जगातील बहुतेक भाषांत घरोघरी वापरला जातो. दुसरा प्रयोगशाळांच्या बाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही. माझ्या मते त्या निरीक्षणाचा आणि ह्या शब्दांचा संबंध केवळ योगायोगाचा नाही. म्हणून हे धाडस.

क्लेमेन्स फॉन पिर्के ह्यांचा जन्म १८७४ मध्ये व्हिएन्नाजवळील हिर्शस्टेटन येथे एका सरदारी घराण्यात झाला. आरंभी त्यांनी इन्सब्रुक येथे धर्मशास्त्राचा व लूव्हाँ येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. नंतर घरच्यांच्या कल्पनेत नसलेली वैद्यकाची वाट धरून १९०० मध्ये ग्राट्स येथे वैद्यकाची पदवी घेतली. व्हिएन्नातील सेंट ॲना बालरुग्णालयात ते थेओडोर एशेरिख ह्यांच्या हाताखाली काम करू लागले. (आतड्यातील ज्या जंतूला एशेरिखिया कोलाय म्हणतात, त्याला ज्यांचे नाव दिले आहे तेच हे एशेरिख.) त्याच रुग्णालयात त्यांना बेला शिक हा हंगेरीहून आलेला, त्यांच्याहून तीन वर्षांनी धाकटा सहकारी भेटला.

त्या काळी घटसर्प, स्कार्लेट ज्वर इत्यादी रोगांवर घोड्याच्या रक्तापासून काढलेले सीरम टोचण्याचा उपचार रूढ झाला होता. घटसर्पाच्या बाबतीत त्याने असंख्य मुलांचे प्राण वाचविले. तथापि सीरम टोचल्यावर आठ ते बारा दिवसांनी काही मुलांना ताप येई, अंगावर गांधी उठत, सांधे दुखत, गाठी सुजत. हा उपचाराचा एक उपद्रव म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार होता, आणि बहुतेकांनी तो तसाच सोडून दिला. पिर्के व शिक ह्यांनी मात्र दिवस मोजले. त्यांच्या ध्यानात आले की, ज्या मुलाला पूर्वी एकदा सीरम टोचले आहे त्याला ते पुन्हा टोचले तर हा विकार आठ दिवस थांबत नाही. तो काही तासांत किंवा फार तर थोड्याच दिवसांत उद्भवतो. टोचलेला पदार्थ तोच, मूलही तेच, पण मधल्या काळात मुलाच्या शरीरात काही बदल झाला होता. ह्यावरून पिर्के ह्यांनी एक धाडसी तर्क केला. रोगाचा अंतःस्थ काळ म्हणजे केवळ जंतूंची संख्या वाढण्यास लागणारा काळ नव्हे. शरीर त्या परक्या पदार्थाविरुद्ध काही द्रव्ये तयार करते, त्यासाठी लागणारा तो काळ होय, आणि रोगाची लक्षणे त्या दोहोंच्या गाठीभेटीतून निर्माण होतात. ही कल्पना त्यांनी १९०३ मध्ये मोहोरबंद पाकिटात घालून व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीकडे ठेवून दिली. पदवी घेऊन तीनच वर्षे झालेल्या माणसाने केलेली ही तजवीज त्या काळच्या विद्वत्क्षेत्रातील स्पर्धेविषयी बरेच काही सांगते. शिक ह्यांच्यासह लिहिलेला सीरमविकारावरील ग्रंथ १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहिला. वैद्यकात त्या वेळी प्रचलित असलेला शब्द होता ‘इम्युनिटी’. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘मूनुस’ ह्या शब्दात आहे. ‘मूनुस’ म्हणजे नागरिकावर असलेले कर्तव्य, बोजा, देणे. ज्याला ह्या बोजातून सूट मिळाली तो ‘इम्युनिस’. म्हणजे हा मुळात राजकारभारातील शब्द, आपल्याकडील ‘माफी’, ‘सारामाफी’ ह्या जातीचा. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला देवीच्या करातून माफी मिळाली, असा त्याचा वैद्यकातील अर्थ. आता दुसऱ्यांदा सीरम टोचलेल्या मुलाला काय म्हणावे? त्याच्या शरीरात सीरमविरुद्ध द्रव्ये तयार आहेत, म्हणजे रूढ समजुतीप्रमाणे त्याला माफी मिळावयास हवी. प्रत्यक्षात मात्र त्याच्याकडूनच कर आधी आणि जबरीने वसूल होतो. अशा मुलाला ‘इम्यून’ म्हणणे हा वदतोव्याघात होता.

पिर्के ह्यांनी १९०६ मध्ये म्यूनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात दोनच पानांच्या आसपासचा एक छोटा लेख लिहून ह्यावर तोडगा सुचविला. परक्या पदार्थाशी गाठ पडल्यामुळे शरीराच्या प्रतिक्रियेत जो बदल होतो, त्याला हिताहिताचा कोणताही रंग न देता एक नाव द्यावे, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी ग्रीकमधील ‘अल्लॉस’ म्हणजे दुसरा, वेगळा, आणि ‘एर्गॉन’ म्हणजे कार्य, हे दोन शब्द जोडून ‘ॲलर्जी’ हा शब्द सिद्ध केला. अर्थ एवढाच : वेगळे वागणे. पूर्वीपेक्षा वेगळी, मग ती जलद असो वा मंद, तीव्र असो वा क्षीण, शरीराला तारणारी असो वा मारणारी. इम्युनिटी हा त्यांच्या दृष्टीने ह्या व्यापक अवस्थेचा एक प्रकार होता.

मराठीत आज ‘ॲलर्जी’साठी जो अस्सल देशी शब्द सुचतो तो ‘वावडे’ होय. कोणाला वांग्याचे वावडे असते, कोणाला धुळीचे, आणि विनोदाने कोणाला कामाचेही. शब्द सुरेख आहे. परंतु पिर्के ह्यांच्या मूळ कल्पनेतील प्राण असलेला कालाचा घटक त्यात नाही. वावडे हे माणसाच्या प्रकृतीत असते. ॲलर्जी घडून यावी लागते. एक ‘पूर्वी’ आणि एक ‘नंतर’ असल्यावाचून मूळ अर्थाची ॲलर्जी संभवतच नाही. अर्थात हा आक्षेप केवळ मराठीवर घेणे न्याय्य होणार नाही. खुद्द युरोपीय भाषांतही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शब्दाचा अर्थ आकसून फक्त अपायकारक, अतिरेकी प्रतिक्रियेपुरता उरला होता. शब्द जिंकला, ज्यासाठी तो घडविला ती व्यापक कल्पना मात्र मागे पडली.

पिर्के ह्यांनी स्वतः मात्र तो शब्द आपल्या अर्थाने वापरला, आणि त्याच्या साहाय्याने पुढची दोन पावले टाकली. त्यांतील पहिले देवीच्या लशीसंबंधी होते. ज्याची प्रथमच देवी काढली आहे अशा मुलाच्या दंडावर फोड यावयास काही दिवस लागतात; ज्याची पूर्वी काढलेली आहे त्याच्या दंडावर एका दिवसातच लहानसा लाल उंचवटा उठतो व लवकरच मावळतो. त्यांना वाटले, क्षयाच्या बाबतीतही असेच असले पाहिजे. कॉखने १८९० मध्ये क्षयावरील औषध म्हणून गाजावाजाने पुढे आणलेले ट्युबर्क्युलिन औषध म्हणून पूर्णपणे फसले होते. १९०७ मध्ये पिर्के ह्यांनी त्याचे दोन थेंब मुलाच्या हातावर थोड्या अंतराने ठेवले, त्यांतून त्वचा एका बारीक टोचणीने खरवडली, आणि दोहोंच्या मध्ये औषधावाचून तिसरा ओरखडा तुलनेसाठी काढला. ज्याच्या शरीरात क्षयाचे जंतू पूर्वी शिरले आहेत त्याच्या त्वचेवर एक-दोन दिवसांत थेंबांच्या जागी गाठ उठे; मधला ओरखडा सुका राही. फसलेल्या औषधाचे त्यांनी एक उत्तम परीक्षासाधन बनविले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये शार्ल माँटू ह्यांनी तेच द्रव्य त्वचेच्या आत टोचण्याची रीत सुरू केली, आणि पुढे तीच सर्वत्र, आपल्याकडेही, रूढ झाली.

दुसरे पाऊल गोवराचे. गोवरानंतर मुलाचा दबलेला क्षय उफाळून येतो, असा वैद्यांचा जुना अनुभव होता. त्याचे कारण म्हणून ‘गोवराने शक्ती क्षीण झाली’ ह्याहून अधिक काही कोणी सांगू शकत नसे. पिर्के ह्यांच्या हातात आता एक मोजपट्टी होती. ज्या मुलांच्या हातावर पूर्वी ट्युबर्क्युलिनची गाठ उठत होती अशी मुले रुग्णालयात होती, आणि त्यांतील काहींना गोवर आला. पिर्के ह्यांनी त्यांची परीक्षा पुनःपुन्हा केली. पुरळ उठण्याच्या सुमारास गाठ येईनाशी झाली. साधारण आठवडाभर ती आली नाही, आणि नंतर हळूहळू पुन्हा येऊ लागली. हे निरीक्षण त्यांनी १९०८ मध्ये एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात तीन-चार पानांत प्रसिद्ध केले. त्या वेळी त्यांचे वय चौतीस होते, आणि पदवी घेऊन आठ वर्षे झाली होती.

ह्या अवस्थेला त्यांनी ‘ॲनर्जी’ असे नाव दिले : ‘एर्गॉन’ला नकारार्थी उपसर्ग, क्रियेचा अभाव. येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. नकारार्थी शब्द निर्माण होण्यासाठी मूळ होकारार्थी शब्द आधी असावा लागतो. ज्याच्यापाशी ‘बदललेली प्रतिक्रिया’ ही संकल्पना नाही, त्याला तिचा लोप दिसणार कसा? दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने हेच मूल पाहिले असते तर तो म्हणाला असता, ‘परीक्षा नकारार्थी आली, बहुधा पहिल्या वेळी आपली चूक झाली असेल.’ पिर्के ह्यांना ती चूक वाटली नाही, कारण प्रतिक्रिया ही माणसाची कायमची खूण नसून कालानुसार पालटणारी अवस्था आहे हे त्यांनी आधीच शब्दांत बांधून ठेवले होते. जी येऊ शकते ती जाऊही शकते. शब्दामुळे शोध लागला, असे मी म्हणणार नाही. शोध लागला तो पुनःपुन्हा केलेल्या परीक्षेमुळे. पण पुनःपुन्हा परीक्षा करावी असे वाटणे हे त्या शब्दामागील विचाराचे फळ होते, असे म्हणण्यास हरकत नसावी.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. गोवर कशाने होतो हे १९०८ मध्ये कोणालाही ठाऊक नव्हते. गोवराचे कारण जंतू अडविणाऱ्या गाळणीतूनही पार जाते, हे अँडरसन व गोल्डबर्गर ह्यांनी माकडांवरील प्रयोगांनी १९११ मध्ये दाखविले. विषाणू हाती लागला तो १९५४ मध्ये, जॉन एंडर्स व त्यांचा तरुण साहाय्यक डॉक्टर टॉमस पीबल्स ह्यांना, बॉस्टनजवळच्या एका शाळेतील आजारी मुलाच्या रक्तातून व घशातून. ट्युबर्क्युलिनची गाठ ही रक्तातील द्रव्यांमुळे नव्हे तर जिवंत पेशींमुळे उठते, हे चेस ह्यांनी १९४५ मध्ये सिद्ध केले. पिर्के ह्यांचा कल ते द्रव्यांचे काम मानण्याकडे होता. म्हणजे शत्रू कोण हे माहीत नाही, पहारेकरी कोण हेही माहीत नाही, आणि तरीही पहारा अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत उठला होता, ही नोंद अचूक. विषाणू शरीराचा प्रतिकार निष्प्रभ करू शकतो, ह्याचा पहिला लेखी पुरावा म्हणून आज ह्या लेखाचा उल्लेख केला जातो तो योग्यच आहे.

पुढे काय झाले? पिर्के १९०९ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले, वर्षभरात ब्रेस्लाऊला गेले, आणि १९११ मध्ये एशेरिख ह्यांच्या निधनानंतर व्हिएन्नात त्यांच्या जागी आले. १९१३ मध्ये त्यांनी गोवराच्या पुरळावर एक प्रबंध लिहून असे सुचविले की, पुरळ हे रोगाचे काम नसून शरीराच्या प्रतिक्रियेचे काम आहे. हेही पुढे खरे ठरले : ज्या मुलांमध्ये पेशींचा प्रतिकार जन्मतः वा रोगामुळे दुबळा असतो, त्यांना गोवराने प्राणघातक न्युमोनिया होतो, पण पुरळ पुष्कळदा उठतच नाही. एंडर्स ह्यांनी १९५९ मध्ये अशा रुग्णांची नोंद केली आहे. परंतु महायुद्धानंतर उपासमारीने गांजलेल्या व्हिएन्नातील मुलांच्या पोषणाचे प्रचंड कार्य पिर्के ह्यांच्याकडे आले आणि त्यांचे उरलेले आयुष्य मुख्यतः आहारशास्त्रात गेले. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांनी व त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली.

निरीक्षण मागे राहिले. ते खोटे ठरले नाही. अनेकांनी ते पुन्हा करून पाहिले व खरे ठरविले. पण त्याची जागा बदलली. ‘गोवर शरीराच्या प्रतिक्रियेचा काही काळ लोप करतो’ हे विधान गोवराविषयीचे होते. पाठ्यपुस्तकांत ते ‘गोवरानंतर परीक्षा विश्वसनीय नसते’ असे, म्हणजे परीक्षेविषयीचे झाले. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर वाक्याचा कर्ता बदलला. ‘ॲनर्जी’ शब्दाचीही अशीच गत झाली. १९८० मध्ये नॉसल व पाइक ह्यांनी तो ज्या पेशी परक्या पदार्थाला भेटूनही गप्प राहतात त्यांच्यासाठी वापरला, आणि आज विद्यार्थ्याला तो ह्या नव्या अर्थानेच प्रथम भेटतो. गोवराशी त्याचा संबंध त्याच्या ध्यानीही येत नाही.

ह्या विस्मरणाला आणखी एक कारण होते, आणि ते मोठे सबळ होते. गोवर एकदा आला की जन्मात पुन्हा येत नाही. डेन्मार्क सरकारने १८४६ मध्ये फेरो बेटांवर पाठविलेल्या पेटर पानुम ह्या पंचविशीतल्या डॉक्टरने हे कायमचे प्रस्थापित केले होते. त्या बेटांवरील पावणेआठ हजार लोकांपैकी सुमारे सहा हजारांना त्या वर्षी गोवर आला. पण ज्या वृद्धांना १७८१ च्या साथीत तो येऊन गेला होता त्यांना पासष्ट वर्षांनंतरही त्याने स्पर्श केला नाही. जो रोग शरीराला इतका पक्का धडा देतो, तोच शरीराची शिकवण पुसून टाकतो असे मानावयाचे कसे? पानुम व पिर्के ह्यांची निरीक्षणे परस्परविरोधी भासत. दोन्ही खरी असल्यामुळे, लहान असलेल्या निरीक्षणाला अपवादांच्या कोपऱ्यात बसविणे सोयीचे होते.

हा विरोध सुटावयास विषाणूची वाट नेमकी कळावी लागली. विषाणू शरीराचा पहारा नाना रीतींनी चुकवितात. इन्फ्लुएंझाचा विषाणू दरसाल अंगरखा बदलतो. नागिणीचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षे दडून बसतो. गोवराचा विषाणू ह्यांतले काहीच करीत नाही. त्याचा अंगरखा इतका स्थिर आहे की, १९५४ मध्ये मिळालेल्या विषाणूपासून बनविलेली लस आजच्या गोवरावरही लागू पडते. तो शरीरात दीर्घकाळ राहू पाहत नाही. दोन-तीन आठवड्यांत त्याचे काम होते आणि तो पुढच्या मुलाकडे जातो. त्याला सतत नवी मुले लागतात. म्हणून अडीच ते पाच लक्ष वस्तीहून लहान असलेल्या बेटांवर तो टिकत नाही, असे फ्रान्सिस ब्लॅक ह्यांनी १९६६ मध्ये दाखविले. (त्याचा सर्वांत जवळचा आप्त म्हणजे गुरांच्या बुळकांडीचा विषाणू. बुळकांडी २०११ मध्ये जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले; आप्त अद्याप आहे.) तेव्हा त्याला हवी असते ती थोडक्या दिवसांची सवड. त्याची ‘व्ही’ नावाची प्रथिने पेशींमधील धोक्याच्या घंटेचा, म्हणजे आयझॅक्स व लिंडेनमान ह्यांनी १९५७ मध्ये शोधलेल्या इंटरफेरॉनच्या संदेशाचा, दोर कापतात. त्यामुळे पहिल्या दहाएक दिवसांत मुलाला काही जाणवतही नाही.

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. २००० साली जपानमध्ये युसुके यानागी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोवराचा विषाणू पेशीत कोणत्या दाराने शिरतो ते शोधून काढले. ते दार रक्तातील प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर असते, आणि ज्या पेशींनी पूर्वीच्या रोगांची आठवण जपलेली असते त्यांच्यावर ते विशेष प्रमाणात असते. म्हणजे ज्या पहारेकऱ्यांनी ह्याला धरावयाचे, त्यांच्याच अंगातून तो शरीरभर हिंडतो. हॉलंडमधील रॉटरडॅम येथे रिक डी स्वार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर केलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ह्यापुढचा दुवा जोडला. गोवरात ह्या स्मरण ठेवणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने मरतात. त्यांची जागा लवकरच भरून निघते, पण भरून निघते ती मुख्यतः गोवराविरुद्ध नव्याने निर्माण झालेल्या पेशींनी. रक्ताची मोजदाद केली तर संख्या पूर्ववत दिसते. जुन्या जाणत्यांच्या जागी एकच गोष्ट शिकलेले नवे आलेले आहेत, हे मोजदादीत दिसत नाही. पानुम ह्यांचे वृद्ध आणि पिर्के ह्यांची मुले, दोहोंचाही उलगडा ह्यात होतो.

ह्यानंतर आपल्या विषयाला पुन्हा एक तरुण वैद्य-संशोधक भेटतो. मायकेल मिना ह्या अमेरिकन डॉक्टरने काही ज्येष्ठ सहकाऱ्यांसह २०१५ मध्ये इंग्लंड-वेल्स, अमेरिका व डेन्मार्क ह्या देशांच्या जुन्या मृत्युनोंदी तपासल्या. गोवराच्या लशीनंतर गोवराचे मृत्यू कमी झाले ह्यात नवल नव्हते. पण इतर संसर्गजन्य रोगांनी होणारे बालमृत्यूही त्यासरशी घटले होते, आणि त्यांचा चढउतार मागील सुमारे दोन-तीन वर्षांतील गोवराच्या चढउताराशी जुळत होता. लशीपूर्वीच्या काळात संसर्गजन्य रोगांनी होणाऱ्या बालमृत्यूंपैकी निम्म्यापर्यंत मृत्यूंमागे गोवराचा हात असावा, असा अंदाज ह्या लेखकांनी मांडला. २०१९ मध्ये स्टीफन एलेज ह्यांच्या प्रयोगशाळेत मिना व इतरांनी हॉलंडमधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे गोवराच्या आधीचे व नंतरचे रक्त तपासले. निरनिराळ्या रोगांविरुद्ध मुलांच्या रक्तात असलेल्या प्रतिपिंडांच्या साठ्यापैकी ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत भाग गोवराने नाहीसा झाला होता. लस घेतलेल्या मुलांत असे काही घडले नव्हते. ह्या अवस्थेला आता जे नाव रूढ झाले आहे त्याचे मराठी ‘प्रतिकारस्मृतिभ्रंश’ असे करता येईल.

ह्या शोधाचे वृत्त देताना अनेकांनी पिर्के ह्यांना त्याचे जनक ठरविले. मला हे थोडे घाईचे वाटते. पिर्के ह्यांच्या मुलांची गाठ काही दिवसांनी परत आली. म्हणजे त्यांची क्षयाची आठवण पुसली गेली नव्हती, निद्रिस्त झाली होती. २०१९ मधील मुलांची प्रतिपिंडे आपोआप परत आली नाहीत. ते ते रोगजंतू पुन्हा भेटल्यावाचून ती भरून निघण्याजोगी नव्हती. झोप आणि विस्मृती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ह्याला एक चांगला पुरावाही आहे. गोवराची जिवंत विषाणूंची लस टोचल्यावरही ट्युबर्क्युलिनची परीक्षा काही आठवडे मंदावते, आणि म्हणूनच ती लशीच्याच दिवशी किंवा चार ते सहा आठवड्यांनी करावी असा दंडक आहे. परंतु लशीने प्रतिपिंडांचा साठा घटत नाही. एक घडते, दुसरे घडत नाही. तेव्हा ती एकच नव्हेत. ‘ॲनर्जी’ हा शब्द पिर्के ह्यांनी नेमका घडविला होता, आणि जे त्यांनी पाहिले तेवढ्यालाच तो लागू पडतो. त्यांच्या कीर्तीला ह्याहून अधिक कशाचीही गरज नाही.

मराठीपुरता एक प्रश्न उरतो. आपण ‘इम्युनिटी’ला ‘रोगप्रतिकारशक्ती’ म्हणतो. लॅटिन शब्दात माफीचे रूपक आहे; आपल्या शब्दात बळाचे. बळ हे मोजमापाचे असते, ते कमीअधिक होते, दूधतूप व विश्रांती ह्यांनी भरून येते. गोवरातून उठलेले मूल खंगलेले असते, त्याला चांगलेचुंगले खाऊ घालावे, वर्षा-सहा महिन्यांत ते बाळसे धरते, आणि मग ‘शक्ती भरून आली’ असे आपण समजतो. पोषणाचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. कुपोषित मुलांतच गोवर सर्वांत घातक ठरतो, आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस त्यांचे प्राण वाचवितात हे सिद्ध झालेले आहे. परंतु बाळसे धरलेल्या मुलाच्या अंगीही पूर्वी शिकलेले परत आलेले असेलच असे नाही. ह्या दृष्टीने ‘शक्ती’ हा शब्द आपल्याला दिलासा देतो तो खोटा असण्याचा संभव आहे. परिभाषा ठरविणाऱ्यांनी ‘प्रतिरक्षा’ हा पर्याय सुचविला आहे. तो बळापेक्षा राखणीवर भर देतो, म्हणून बरा. स्मृतीचा उल्लेख मात्र त्यातही नाही.

भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस १९८५ पासून आहे. तरीही २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी व आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि त्यात बालके दगावली. अशा साथीत मृत्यूंची जी संख्या जाहीर होते ती साथीच्या दिवसांतली, गोवराच्या नावावर लिहिलेली असते. साथीतून वाचलेले एखादे मूल आठ-दहा महिन्यांनी न्युमोनियाने किंवा अतिसाराने गेले, तर मृत्यूच्या दाखल्यावर कारण न्युमोनिया किंवा अतिसार हेच लिहिले जाते. वैद्यकदृष्ट्या ते बरोबरही असते. त्या मुलाच्या आईला मात्र तो मधला गोवर आठवत असतो. माँटू परीक्षेपूर्वी विचारण्यात येणारा प्रश्न दाखला लिहिताना विचारण्याची पद्धत नाही.